कॅप्टन अमेरिका १९४५ पासून बर्फात होता, तर १९५४ च्या अंकांत कोण लढत होते?

प्रश्न : रविवारचा वाचक

चित्रपटांतून कॅप्टन अमेरिकेची ओळख झालेल्या वाचकाला त्याची कथा सरळ वाटते. स्टीव्ह रॉजर्स हा किडकिडीत तरुण लष्कराच्या एका प्रयोगातून महाबली होतो, दुसऱ्या महायुद्धात नाझींशी लढतो, १९४५ मध्ये बर्फात गोठतो आणि जवळजवळ सत्तर वर्षांनी आजच्या न्यूयॉर्कमध्ये जागा होतो. अलीकडे जुन्या अमेरिकी कॉमिकांच्या मुखपृष्ठांचा एक संग्रह पाहताना मात्र १९५४ सालचे त्याचे तीन अंक दिसले. त्यांवर तो कम्युनिस्टांचा कर्दनकाळ म्हणून मिरवतो आहे, आणि त्याचा जोडीदार बकीही त्या काळात धडधाकट आहे. बकी तर युद्धात गेला होता ना?

माझी शंका अशी आहे. बर्फात गोठण्याचा भाग १९४१ पासूनच्या कथेत होता, की तो पुढे कोणी जोडला? जोडला असेल, तर युद्धानंतर छापलेल्या कथांतला नायक कोण मानायचा? आणि कॉमिकांत तो मुळात कोणत्या साली जागा झाला? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.


प्रतिसाद : शाईचा डाग

बर्फ मूळ कथेत नव्हता. तो तेवीस वर्षांनी आला, आणि का आला हे समजण्यासाठी कथेच्या आधी प्रकाशनाचा इतिहास पाहावा लागतो.

जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी हे पात्र मार्टिन गुडमन यांच्या टाइमली कॉमिक्ससाठी निर्माण केले. ‘कॅप्टन अमेरिका कॉमिक्स’च्या पहिल्या अंकावर मार्च १९४१ अशी तारीख असली, तरी तो विक्रीला आला २० डिसेंबर १९४० रोजी. (अमेरिकी कॉमिकांवर पुढचा महिना छापण्याची पद्धत होती, म्हणून खाली दिलेले महिने अंकांवर छापलेले आहेत असे समजावे.) मुखपृष्ठावर नायक हिटलरच्या जबड्यावर ठोसा हाणतो आहे. पर्ल हार्बरवरचा हल्ला त्यानंतर जवळपास एका वर्षाने झाला. म्हणजे अमेरिका तोवर युद्धात उतरलेली नव्हती आणि युरोपच्या भांडणात आपण पडू नये असे मानणारे लोक देशात पुष्कळ होते. सायमन आणि कर्बी दोघेही ज्यू कुटुंबांतले होते आणि त्यांची बाजू केव्हाच ठरलेली होती. अंक निघाल्यावर धमक्या येऊ लागल्या, तेव्हा न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी स्वतः फोन करून संरक्षणाचे आश्वासन दिले, असे सायमन यांनी पुढे आठवणींत लिहिले आहे. पहिल्या अंकातली ढाल त्रिकोणी होती. प्रतिस्पर्धी एमएलजे कंपनीच्या ‘शील्ड’ या नायकाच्या पोशाखाशी ती फार मिळतीजुळती असल्याची हरकत आल्यामुळे दुसऱ्या अंकापासून ती गोल झाली. आज या पात्राची सर्वांत मोठी खूण मानली जाणारी वस्तू अशी तडजोडीतून आलेली आहे. नफ्याच्या वाट्यावरून गुडमन यांच्याशी बिनसल्यावर दहा अंकांनंतर दोघांनी कंपनी सोडली, पण मालिका इतरांच्या हातून चालू राहिली.

युद्ध संपल्यावर नायकाला कोणी गोठवले नाही. स्टीव्ह रॉजर्स सैन्यातून परत आला, शाळेत शिक्षक झाला आणि फावल्या वेळात गुंडांना पकडू लागला. एप्रिल १९४८ च्या ६६ व्या अंकात बकीला गोळी लागली आणि त्याच्या जागी गोल्डन गर्ल ही जोडीदारीण आली. खप मात्र घसरतच गेला. वाचकांची आवड भयकथा, गुन्हेकथा आणि प्रेमकथांकडे वळली होती, त्यामुळे ऑक्टोबर १९४९ च्या ७४ व्या अंकापासून मासिकाच्या नावालाच ‘विअर्ड टेल्स’ची जोड देण्यात आली, आणि फेब्रुवारी १९५० च्या ७५ व्या अंकात तर नायक एकाही पानावर नव्हता. तिथे मालिका संपली.

डिसेंबर १९५३ मध्ये ‘यंग मेन’च्या २४ व्या अंकात ह्यूमन टॉर्च आणि सब-मरिनर या कंपनीच्या दुसऱ्या दोन जुन्या नायकांसोबत त्याला परत आणले गेले. चित्रे बहुतांशी जॉन रोमिटा यांची होती. शीतयुद्धाचा काळ असल्यामुळे शत्रू आता कम्युनिस्ट झाले. आपण पाहिलेले तीन अंक म्हणजे ७६, ७७ आणि ७८, मे ते सप्टेंबर १९५४ चे. वाचकांनी ते उचलून धरले नाहीत आणि मालिका पुन्हा बंद पडली.

नंतरची नऊ वर्षे शांतता होती. नोव्हेंबर १९६३ मध्ये, टाइमलीचे मार्व्हल झाल्यावर, ‘स्ट्रेंज टेल्स’च्या ११४ व्या अंकात कॅप्टन अमेरिका अवतरला, पण शेवटी तो ॲक्रोबॅट नावाचा तोतया खलनायक निघाला. ती कथा म्हणजे चाचपणी होती. खरा नायक परत हवा आहे का, हे वाचकांनी कळवावे असे अंकाच्या शेवटी उघड विचारले होते. कौल अनुकूल आला आणि मार्च १९६४ मध्ये ‘अव्हेंजर्स’चा चौथा अंक निघाला. त्यात संतापलेला सब-मरिनर उत्तर ध्रुवाकडच्या एका वस्तीत जातो, तिथले लोक बर्फातल्या ज्या आकृतीची पूजा करत असतात तो हिमखंड उचलून समुद्रात भिरकावतो, उष्ण प्रवाहात बर्फ वितळतो आणि पाणबुडीतून जाणाऱ्या अव्हेंजर्सना नायक सापडतो. शुद्धीवर येताच त्याच्या तोंडी नाव येते ते बकीचे. युद्धाच्या अखेरीस स्फोटकांनी भरलेले एक विमान निकामी करताना बकी ठार झाला आणि आपण समुद्रात फेकले गेलो, असे तो सांगतो.

म्हणजे आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर १९६४. झोप झाली एकोणीस वर्षांची. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या अंकाने दिलेच नाही. १९४६ ते १९५४ या काळात कंपनीने स्वतः छापलेल्या सगळ्या कथा त्याने एका पानात निराधार करून टाकल्या.


प्रतिसाद : मधले पान

वरील प्रतिसाद इतका नेमका आहे की प्रकाशनाच्या इतिहासात मी भर घालत नाही. निराधार झालेल्या कथांचे पुढे काय झाले ते सांगतो, कारण मला या पात्राच्या साऱ्या इतिहासात तेच प्रकरण सर्वांत बुद्धिमान वाटते.

१९७२ मध्ये स्टीव्ह एंगलहार्ट या तरुण लेखकाकडे मालिका आली. सप्टेंबर ते डिसेंबर १९७२ या महिन्यांत, म्हणजे १५३ ते १५६ या अंकांत, त्यांनी सॅल ब्युसेमा यांच्या चित्रांसह हा गुंता सोडवला. त्यांनी १९५० च्या दशकातल्या कथा खोट्या ठरवल्या नाहीत. त्या घडल्याच, पण त्यांतला माणूस वेगळा होता, असे त्यांनी मांडले. कॅप्टन अमेरिकेने झपाटलेल्या एका इतिहासाच्या अभ्यासकाला जर्मनीत नाझींच्या कागदपत्रांत रॉजर्सला महाबली करणाऱ्या त्या हरवलेल्या औषधाचे सूत्र सापडते. ते सरकारला देण्याच्या बदल्यात तो स्वतःला नवा कॅप्टन अमेरिका करण्याची अट घालतो, चेहरा बदलून घेतो आणि स्टीव्ह रॉजर्स हेच नाव धारण करतो. कोरियाचे युद्ध संपल्यामुळे योजना बारगळते. तेव्हा तो शाळेत शिक्षक होतो, तिथे जॅक मन्रो नावाचा त्याच्याइतकाच झपाटलेला विद्यार्थी त्याला भेटतो आणि दोघे मिळून औषध टोचून घेतात. मूळ प्रयोगात औषधानंतर किरणांचा उपचार होता, हा तपशील १९६९ मध्ये उगमकथा पुन्हा सांगताना पक्का झालेला होता. या दोघांनी तो उपचार घेतलेला नसतो. हळूहळू त्यांची बुद्धी बिघडते आणि निरपराध माणसांतही त्यांना कम्युनिस्ट दिसू लागतात. शेवटी सरकारच त्यांना पकडून दीर्घ निद्रेत ठेवते.

यातली गंमत अशी की तोतयाही कालविस्थापित ठरतो. तो १९५० च्या दशकातून थेट १९७२ मध्ये जागा होतो आणि खऱ्या नायकासमोर उभा राहतो. खऱ्याचा त्या काळातला साथीदार फाल्कन हा हार्लेममधला कृष्णवर्णीय नायक. सप्टेंबर १९६९ च्या ११७ व्या अंकात तो आला आणि १९७१ पासून मुखपृष्ठावर दोघांचीही नावे झळकत होती. तोतया त्याच्यावर उघड वंशद्वेषाने तुटून पडतो. एकाच पोशाखातली दोन माणसे, दोन दशकांतून आलेली, एकाच देशाच्या नावाने परस्परविरुद्ध गोष्टी बोलतात. व्हिएतनामचे युद्ध चालू असताना हे छापले जात होते, हे लक्षात घेतले की त्या चार अंकांची धार कळते.

आता १९४६ ते १९४९ हा तुकडा उरला होता. तो रॉय थॉमस यांनी ऑगस्ट १९७७ च्या ‘व्हॉट इफ’च्या चौथ्या अंकात भरला. त्यानुसार रॉजर्स आणि बकी नाहीसे झाल्यावर मनोधैर्य खचू नये म्हणून राष्ट्राध्यक्षांनी आधी विल्यम नॅसलंड, म्हणजे ‘स्पिरिट ऑफ सेव्हंटी-सिक्स’, आणि १९४६ मध्ये तो मारला गेल्यावर जेफ्री मेस, म्हणजे ‘पेट्रिअट’, यांना हा पोशाख दिला. बकीची जागा फ्रेड डेव्हिस या मुलाने घेतली. १९४८ मध्ये गोळी लागली ती त्याला. ‘व्हॉट इफ’मध्ये एरवी घडू शकल्या असत्या अशा काल्पनिक शक्यता असत, ही एक कथा मात्र अधिकृत इतिहास म्हणून स्वीकारली गेली. एंगलहार्ट यांच्या तोतयाला विल्यम बर्नसाइड हे नाव मिळाले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी.


उपप्रश्न : रविवारचा वाचक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आता एक वेगळी शंका येते. १९६४ मध्ये त्या अंकाचे लेखक स्टॅन ली यांनी मधल्या कथा मुद्दाम वगळल्या, की जुन्या अंकांकडे कोणी फारसे पाहतच नव्हते? आणि झोप एकोणीस वर्षांची असेल, तर चित्रपटात ती सत्तरच्या आसपास कशी गेली?


प्रतिसाद : उत्तररात्र

हेतू काय होता यापेक्षा परिणाम काय झाला हे पाहणे मला अधिक उपयोगी वाटते. समजा १९६४ च्या अंकाने असे सांगितले असते की नायक १९५४ पर्यंत लढत होता आणि मग दहा वर्षे घरी बसला. मग तो उशिरा कामावर रुजू झालेला एक माणूस ठरला असता, आणि त्याच्या दुःखाला जागाच उरली नसती. युद्धाच्या शेवटच्या दिवसांत गोठल्यामुळे विजय त्याने पाहिलेला नाही. ज्याला वाचवायचे होते तो मुलगा त्याच्या मनात काल मेला आहे आणि जगाच्या लेखी एकोणीस वर्षांपूर्वी. त्या अंकात रस्त्यावरचा एक पोलीस त्याला ओळखतो आणि त्याचे डोळे भरून येतात. तो पोलीस म्हणजे १९४१ मध्ये दहा सेंटला अंक विकत घेणारा वाचकच आहे. ही वीण १९५४ चे अंक जमेस धरून जमली नसती. म्हणून मी तिला वगळणूक न म्हणता योग्य काटछाट म्हणेन.

यात कर्बी यांचाही वाटा विसरू नये. १९४१ चा पहिला अंक आणि १९६४ चा चौथा, दोन्हींची चित्रे त्यांचीच आहेत. मधल्या काळात ते स्वतः पायदळात होते. १९४४ च्या ऑगस्टमध्ये नॉर्मंडीला उतरले आणि त्या हिवाळ्यात पायांना हिमदंश होऊन रुग्णालयात पोचले. पाय कापावे लागतील अशी वेळ आली होती. बर्फाची कल्पना त्या अनुभवातून आली असा दावा मी करणार नाही, पण युद्धातून गोठून परतलेला सैनिक रेखाटण्याचा अधिकार त्या खोलीत कोणाला असेल तर तो त्यांना होता. स्टॅन ली यांचाही या पात्राशी जुना संबंध होता: मे १९४१ च्या तिसऱ्या अंकातली दोन पानांची गद्यकथा हे त्यांचे पहिले प्रकाशित लेखन.

आता झोपेच्या लांबीबद्दल. गोठण्याचे साल महायुद्धाला बांधलेले असल्यामुळे ते हलवता येत नाही. जागे होण्याचे साल मात्र मार्व्हलच्या पद्धतीनुसार पुढे सरकत राहते, कारण त्यांच्या विश्वात अव्हेंजर्सची स्थापना नेहमी आजपासून दहा-पंधरा वर्षांपूर्वीच झालेली असते. परिणामी वाचक जसजसे पुढच्या काळात जातात तसतशी ती झोप आपोआप लांबत जाते. २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘अल्टिमेट्स’ या स्वतंत्र विश्वातल्या मालिकेत तो एकविसाव्या शतकातच जागा झाला, आणि २०११ च्या चित्रपटाने तीच दिशा धरली. २०१० मध्ये मार्क वेड यांनी ‘मॅन आउट ऑफ टाइम’ ही छोटी मालिका लिहिली, त्यातही १९६४ ऐवजी अलीकडच्या काळातले जागरण आहे.

या सरकण्याचा सर्वांत मोठा फटका शेरॉन कार्टरला बसला. १९६६ मध्ये ती आली तेव्हा रॉजर्सला युद्धकाळातल्या प्रेयसीची आठवण करून देणारी तरुणी होती, आणि पुढे ती त्या प्रेयसीची, म्हणजे पेगीची, धाकटी बहीण असल्याचे सांगण्यात आले. १९७० च्या दशकात ते खपून गेले. पुढे वयाचा हिशेब जुळेना, म्हणून तिला पेगीची भाची करावे लागले, आणि आणखी काळ गेल्यावर नात्यात आणखी एक पिढी घालावी लागली. पेगी जागची हलली नाही. शेरॉनला मात्र दर काही वर्षांनी नवे आईवडील शोधावे लागतात.

थोडे विषयाला सोडून: हे सारे वाचताना मला भागवतातला मुचकुंद आठवतो. देवांसाठी लढून थकलेला तो राजा झोपेचे वरदान मागतो, कृष्णाच्या काळात कालयवनाच्या लाथेने जागा होतो आणि गुहेबाहेर येऊन पाहतो तर माणसे, पशू, झाडे सगळेच खुजे झालेले. युग बदलले हे त्याला तेवढ्यावरून कळते आणि तो तपाला निघून जातो. रॉजर्सला तशी मोकळीक नाही, कारण पुढच्या महिन्याचा अंक निघायचा असतो.


प्रतिसाद : शाईचा डाग

काटछाट योग्य होती हे मान्य आहे, पण तिला केवळ कलात्मक निर्णय मानू नये. मार्व्हल त्या काळात जुन्या टाइमली नायकांची नावे एकामागून एक पुन्हा वापरात आणत होती. ह्यूमन टॉर्चचे नाव १९६१ मध्ये आणि सब-मरिनर १९६२ मध्ये परतला होता. शिवाय त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात स्वामित्वहक्काची पहिली मुदत अठ्ठावीस वर्षांची होती, म्हणजे १९४१ च्या अंकांचे नूतनीकरण १९६० च्या दशकाच्या अखेरीस येणार होते. जो सायमन यांनी त्याच सुमारास पात्रावर हक्क सांगणारा दावा लावला. कर्बी त्या वेळी मार्व्हलसाठी काम करत होते आणि त्यांनी कंपनीच्या बाजूने जबानी दिली, हा त्या जोडीच्या इतिहासातला क्लेशदायक भाग आहे. १९६९ मध्ये तडजोड झाली. सायमन यांनी १९९९ मध्ये नव्या कायद्याच्या आधारे पुन्हा हक्क मागितला, २००२ मध्ये अपील न्यायालयाने त्यांना तो मुद्दा लढवण्याची मुभा दिली आणि २००३ मध्ये दुसरी तडजोड झाली.


प्रतिसाद : मधले पान

बकीबद्दलचा मूळ प्रश्न अर्धवट राहिला आहे, म्हणून तो पूर्ण करतो. १९६४ पासून बकीचा मृत्यू हा मार्व्हलमधला अटळ मृत्यू मानला जात असे. इतर पात्रे मरून परत येत, बकी मात्र नाही. लेखकांत तसा अलिखित नियमच झाला होता. २००५ मध्ये एड ब्रुबेकर यांनी स्टीव्ह एप्टिंग यांच्या चित्रांसह नव्याने सुरू झालेल्या मालिकेत तो मोडला. त्यांच्या मांडणीत स्फोटात एक हात गमावलेला बकी सोव्हिएत पाणबुडीला सापडतो, त्याची स्मृती पुसली जाते आणि त्याला ‘विंटर सोल्जर’ नावाचा मारेकरी बनवले जाते. प्रत्येक कामगिरीनंतर त्याला पुन्हा गोठवले जाते. त्यामुळे साठ वर्षे उलटूनही तो तरुण आहे, पण त्याचे विस्थापन रॉजर्सप्रमाणे एकाच उडीचे नाही. तो प्रत्येक दशकात थोडाथोडा जागा होतो आणि प्रत्येक वेळी कोणाचा तरी जीव घेतो. रॉजर्सची झोप निष्पाप ठेवून सगळे पाप त्याच्या जोडीदाराच्या झोपेत घातले, हे मला ब्रुबेकर यांचे खरे कौशल्य वाटते.

त्याच मालिकेच्या २५ व्या अंकात, मार्च २००७ मध्ये, रॉजर्सला न्यायालयाच्या पायऱ्यांवर गोळ्या घालून ठार मारले गेले आणि ती बातमी अमेरिकेतल्या वृत्तपत्रांपर्यंत पोचली. पुढे बकीनेच ढाल उचलली. २००९ च्या ‘रीबॉर्न’मध्ये असे निघाले की रॉजर्स त्या हत्यारामुळे मेला नव्हता, तर काळात निसटून स्वतःच्याच आयुष्यातले जुने प्रसंग पुन्हा जगत होता. कालविस्थापन या कल्पनेवर उभ्या राहिलेल्या पात्रासाठी ही युक्ती सुसंगत म्हणता येईल, तरी मला ती १९६४ इतकी पटत नाही. बर्फ हा अपघात होता. इथे खलनायकाचे यंत्र आहे.

आपल्याला वाचायला सुरुवात करायची असेल तर १९६४ चा ‘अव्हेंजर्स’चा चौथा अंक आधी वाचावा, मग १९७२ चे १५३ ते १५६ आणि त्यानंतर २००५ ची मालिका. १९५३ चा ‘यंग मेन’चा अंक स्वतंत्रपणे मिळवण्याची धडपड करू नये, एंगलहार्ट यांनी त्यातली रोमिटा यांची पाने थोड्या फेरफारासह १५५ व्या अंकातच घेतलेली आहेत.